रुसूबाईची अकरावी प्रत

सुईकाकांना कॉलेजात नोकरीला लागून एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांचं खरं नाव हजेरीपटाच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वनस्पतीशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या लांबट खोलीत, सत्तावीस लोखंडी कपाटं होती आणि त्या कपाटांत कागदावर शिवलेली वाळकी झाडं होती. विभागाच्या भाषेत ते हर्बेरियम. मुलं त्याला डांबरगोळ्यांची खोली म्हणायची. सुईकाका नुसतं ‘आमची खोली’ म्हणत, आणि त्यातल्या ‘आमची’मध्ये कोण कोण होतं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. टेकडीवरून झाड आणायचं, टीपकागदात घालून लाकडी प्रेसमध्ये आवळायचं, रोज कागद बदलायचे, वाळलं की जाड शीटवर मांडून हिरव्या दोऱ्यानं टाके घालायचे. टाका असा की देठ हलता कामा नये आणि दोरा दिसता कामा नये. डिंकानं झाडं चिकटवणाऱ्या लोकांविषयी सुईकाकांचं मत फार वाईट होतं. “डिंक लावायचा तर पाकिटाला लावा,” ते म्हणत, “झाडाला कशाला?” नव्या प्राध्यापकांना वाटे, हा माणूस जरा जास्तच बोलतो. मग ते एकदा त्यांची शीट उलटून मागची गाठ बघत आणि गप्प बसत.

या कामाचे दोन नियम मोठ्या सरांनी घालून दिले होते. मोठे सर म्हणजे त्या वेळचे विभागप्रमुख. पहिला नियम, झाड पूर्ण पाहिजे. मूळ, पान, फूल, सगळं. कंद असेल तर कंदासकट. दुसरा नियम, एकच झाड कधी आणायचं नाही, प्रती आणायच्या. कारण परदेशातल्या संग्रहालयांशी देवघेव चाले. आपण त्यांना आपल्याकडची झाडं पाठवायची, ते त्यांच्याकडची पाठवत. शीटच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, तिच्यावर झाडाचं लांबलचक शास्त्रीय नाव, जागा, तारीख, झाड तिथं भरपूर आहे की विरळ, आणि संग्राहक कोण. संग्राहकापुढे कायम मोठ्या सरांचं नाव असे. सर टेकडीच्या पायथ्याशी जीपमध्ये पेपर वाचत बसत आणि सुईकाका खुरपं घेऊन वर जात, ही गोष्ट चिठ्ठीत मावण्यासारखी नव्हती.

काकूंना ते फार लागे. काकू म्हणजे सुईकाकांची बायको. नवऱ्याच्या नोकरीशी तिचा कागदोपत्री संबंध काही नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन टेकडीवर सोबत यायची आणि घरी बसून त्यांच्यापेक्षा बारीक टाके घालायची. शीट तयार झाली की चिठ्ठी वाचायची आणि विचारायची, “अहो, यात तुम्ही कुठं आहात?”

“गाठीत आहे,” सुईकाका म्हणायचे. “मागून बघ.”

तिला ते पटत नसे. “एकदा तरी पुढून दिसा,” ती म्हणायची.

रुसूबाई हे नाव काकूंनीच ठेवलेलं. टेकडीच्या वरच्या अंगाला, उघड्या खडकाच्या चिरेत, वीतभर उंचीचं एक झाड पावसाच्या शेवटाला दहा-बारा दिवस फुलायचं. निळं फूल, आणि तोंड कायम खडकाकडे. कुठूनही बघा, पाठच दिसायची. काकू पहिल्यांदा वाकून बघायला गेली आणि म्हणाली, “ही बाई रुसलीय कुणावर तरी.” तेव्हापासून ती रुसूबाई. खाली लसणीच्या पाकळीएवढा कंद, वर दोन पानं. दुसऱ्या कुठल्याही टेकडीवर ती कुणाला सापडली नव्हती. सुरुवातीला तिथं चाळीसेक झाडं होती. सुईकाका दर वर्षी पाच प्रती आणत आणि चिठ्ठीवर प्रामाणिकपणे ‘विरळ’ लिहीत. विरळ लिहिलं की परदेशातून आणखी मागणी येई.

आता गोष्ट सुरू होते ती भिंगरीपासून. भिंगरी ही शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. एका जागी बसली तर आजारी पडेल अशी. तीन वर्षं ती सुईकाकांच्या ‘आमच्या खोलीत’ पडीक होती. सुईकाकांकडून टाके शिकली, अकरा आणि सव्वीस नंबरच्या कपाटांचं कुलूप लाथ मारूनच उघडतं हेही शिकली. तिनं अभ्यासाला विषय घेतला तो रुसूबाईचा. तीन वर्षं हंगामात टेकडी पालथी घातली, एकही झाड मिळालं नाही. मग तिनं कागद शोधले. शेवटची शीट एकोणीस वर्षांपूर्वीची. दगडखाणीचा रस्ता त्या खडकावरून गेला तो सोळा वर्षांपूर्वी. दोन आणि दोन चार झाले. रस्त्यानं रुसूबाईचा जीव घेतला असं तिनं लिहिलं, आणि तिचा निबंध निवडला गेला.

निवडला गेला म्हणजे साधासुधा नाही. निसर्गसंवर्धन आणि शाश्वत विकास या विषयावर विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद त्या वर्षी त्यांच्याच कॉलेजात भरणार होती. चौदा देशांतली मुलं येणार होती. सर्वांत चांगल्या पोस्टरला एका मोठ्या विद्यापीठात पुढच्या संशोधनाची जागा मिळणार होती. सध्याच्या विभागप्रमुख बाईंनी तर भिंगरीला आताच निरोप द्यायला सुरुवात केली होती.

सुईकाका मात्र मूग गिळून गप्प होते. कारण त्यांना एक गोष्ट माहीत होती. रस्ता होण्याच्या आदल्या वर्षी ते त्या खडकाशी गेले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षीही. रुसूबाई तेव्हाच नव्हती. रस्त्याचे बाकीचे गुन्हे असतील, हा नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मोठ्या सरांच्या हातात नऊ संग्रहालयांची पत्रं होती. नऊ त्यांच्या आणि एक आपली, दहा प्रती लागणार. सुईकाका आणि काकू वर गेले. चिरेत झाडं मोजली, अकरा निघाली. सुईकाकांनी खुरपं काढलं आणि एकेक कंद अलगद सोडवला. दहावा सोडवून झाला तेव्हा काकू खडकावर बसून डबा उघडत होती.

“झाल्या ना दहा,” ती म्हणाली. “एक राहू दे.”

“जास्तीची एक बरी असते,” सुईकाका म्हणाले. “एखादी बुरशीनं गेली तर? परत कोण येणार इतक्या लांब?”

“अहो, राहू दे एक. ती कुठं पळून जातेय?”

“पुढच्या वर्षी येतील गं आणखी. दर वर्षी येतात.”

आणि त्यांनी अकरावी काढली. त्यात लोभ नव्हता, दुष्टपणा तर नव्हताच. चांगला कामगार हातचं एक राखून ठेवतो, तसं त्यांनी ठेवलं. झाडं अजून फुलात होती, बी धरलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

बुरशी एकाही प्रतीला लागली नाही. दहा प्रती नोंदल्या गेल्या, नऊ बोटीनं-विमानानं गेल्या. अकरावी काकूंनी घरी शिवली, फार सुंदर शिवली. तिला चिठ्ठी नव्हती, नोंद नव्हती. सुईकाकांनी ती आपल्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवून दिली.

पुढच्या हंगामात काकू अंथरुणाला खिळलेली होती. सुईकाका एकटेच टेकडीवर गेले, चिरेत बोटं घालघालून पाहिलं, संध्याकाळपर्यंत बसले आणि परत आले. काकूंनी उशीवरून मान वळवली आणि विचारलं, “रुसूबाई आली का?”

“आली,” सुईकाका म्हणाले. “भरपूर आलीय या वर्षी.”

“बघा,” काकू म्हणाली, “मी उगाच तुमच्यावर चिडले होते.” महिन्याभरानं ती गेली. जाताना तिच्या मनात नवऱ्याबद्दल तेवढीही तक्रार उरली नव्हती, आणि सुईकाकांना नेमकं तेच सोसवत नव्हतं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर दर हंगामात ते रजा टाकून टेकडीवर जायचे. लोकांना वाटे, काकूंच्या आठवणीनं जातात. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

परिषदेच्या दिवशी सकाळी भिंगरी धावतच खोलीत आली. “काका, चला. आणि आपली शीट घ्या, मूळची. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

मोठ्या सभागृहात पोस्टरांच्या रांगा लागल्या होत्या. कुठं प्लास्टिक खाणारे जिवाणू, कुठं कासवं, कुठं सांडपाण्याची गाळणी. गळ्यात फितीची ओळखपत्रं घातलेली चौदा देशांची मुलं कागदी पेल्यांतून कॉफी पीत फिरत होती आणि पेले कुठं टाकायचे यावर तीन वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांसमोर चर्चा करत होती. सुईकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शीट त्यांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून छातीशी घेतली होती.

भिंगरीच्या पोस्टरवर वर जगाचा नकाशा होता. तिनं नऊही संग्रहालयांना पत्रं लिहून रुसूबाईच्या शीट्सचे फोटो मागवले होते आणि ज्या त्या देशावर लावले होते. दहावी जागा रिकामी होती, तिथं तिनं सुईकाकांच्या हातातली शीट क्लिपांनी अडकवली. नऊ फोटो आणि एक खरी. सगळीकडे तेच अक्षर, तेच हिरवे टाके, तीच तारीख. आणि खाली, मोठ्या सरांच्या नावाखाली नाही तर वर, ठळक टाइपात सुईकाकांचं पूर्ण नाव होतं. संग्राहक.

“बाई नाहीच म्हणत होत्या,” भिंगरी म्हणाली. “मी म्हटलं, जीपमध्ये बसून झाड गोळा होत नाही. भांडले मी, काका. आवडलं का?”

एकोणचाळीस वर्षं ज्या ओळीची वाट पाहिली ती समोर होती. काकू म्हणायची तसे सुईकाका एकदाचे पुढून दिसत होते. त्यांनी मान हलवली, आणि मग त्यांची नजर नावावरून वर गेली आणि ते मोजू लागले. पाठवल्यापासून ही झाडं त्यांनी कधी एका जागी पाहिली नव्हती. वेगवेगळ्या पाकिटांतून, वेगवेगळ्या पत्त्यांवर गेली होती ती. एक इथं, एक समुद्रापलीकडे, दोन उत्तरेला. त्या चिरेतून एकेक करून काढलेली दहाच्या दहा झाडं आज एका भिंतीवर परत जमली होती.  सुईकाकांनी जवळच्या खुर्चीची पाठ धरली.

भिंगरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना रस्ता, खाण, धूळ हे सगळं इंग्रजीत समजावत होती. मधूनच ती काकांकडे हात करी आणि लोक त्यांना वाकून नमस्कार केल्यासारखी मान लववत. दोन परीक्षक वही घेऊन येऊन थांबले. त्यांच्यासोबत एक उंच, हडकुळा मुलगा होता. नऊपैकी एका संग्रहालयात तो शिकत होता आणि तिथला फोटो त्यानंच काढून पाठवला होता. त्याला सुईकाकांना भेटून इतका आनंद झाला की त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तो एकेका चिठ्ठीजवळ नाक नेऊन वाचू लागला. वाचता वाचता त्यानं भिंगरीला काहीतरी विचारलं.

“काका, तो विचारतोय,” भिंगरी म्हणाली, “सगळ्यांवर तारीख एकच आहे. त्या दिवशी तिथं एकूण झाडं किती होती, आठवतं का?”

त्या मुलाच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला आकडा हवा होता, एवढंच.

“अकरा,” सुईकाका म्हणाले.

भिंगरीनं सांगितलं. मुलानं भिंतीवरची झाडं मोजली, परीक्षकांनीही मोजली. दहा. मग एका परीक्षकबाईंनी मान डोलावली, भिंगरीला काहीतरी सांगितलं आणि लिहून घेतलं.

“म्हणजे एक राहिली होती,” भिंगरी मराठीत म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “त्या म्हणतात, मग बरोबर आहे, एक कंद असला तरी पुढं वाढू शकतं. ती रस्त्यानं गेली. काका, हे तर मला माहीतच नव्हतं, किती चांगलं झालं.”

सुईकाकांना काही बोलायची गरज नव्हती. त्यांनी खोटं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. अकरा होती, हे खरं होतं. भिंतीवर दहा होती, हेही खरं होतं. मधली वजाबाकी लोकांनी आपापली केली होती. पोरीची जागा नक्की होत होती, त्यांचं नाव ठळक टाइपात होतं, आणि निवृत्तीला पाच महिने उरले होते. शिवाय एकदा हेच करून झालं होतं. भरपूर आलीय म्हणून सांगितलं होतं आणि ऐकणारी सुखानं गेली होती.

परीक्षकबाई पुढच्या पोस्टरकडे वळल्या.

“थांब,” सुईकाका भिंगरीला म्हणाले. “त्यांना थांबव. अकरावी माझ्या टेबलाच्या खणात आहे.”

भिंगरीनं परीक्षकबाईंना हात करून थांबवलं आणि ती काकांकडे वळली.

“एकही ठेवली नाही मी. रस्ता नंतर झाला. रस्ता व्हायच्या आधी दोन वर्षं मी जाऊन बघितलंय, तिथं काही नव्हतं. सांग त्यांना.”

“काका,” भिंगरी हळू म्हणाली, “तुम्हाला कळतंय का मी हे सांगितलं तर काय होईल?”

“कळतंय. तरी सांग.”

तिनं सांगितलं.  उंच मुलगा चिठ्ठ्यांपासून मागे सरकला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. आपणच काहीतरी फोडलं अशा चेहऱ्यानं तो उभा होता. परीक्षकबाईंनी आधीचं लिहिलेलं खोडलं, सुईकाकांकडे बघून अगदी सभ्यपणे आभार मानले आणि त्या गेल्या. बक्षीस सांडपाण्याच्या गाळणीला मिळालं.

त्यानंतर दोन दिवस भिंगरी खोलीकडे फिरकली नाही. सुईकाका वेळेवर येत, कपाटांतल्या डांबरगोळ्या बदलत, जेवणाचा डबा न उघडता परत नेत. ते कुणावर नाराज नव्हते. पोरीनं तोंड बघू नये यात तिचं काय चुकलं, असं त्यांना वाटे. फक्त जिन्यावर पावलं वाजली की त्यांची सुई थांबायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. डोळे सुजलेले होते. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, “दाखवा ती.”

सुईकाकांनी खालचा खण उघडून शीट टेबलावर ठेवली. बाकी दहांची फुलं कागदावर आडवी पडली होती. ही एकच अशी शिवली होती की फुलाचं तोंड बघणाऱ्याकडे होतं. देठाला नऊ टाके होते आणि एकही दिसत नव्हता.

“हे तुमचे टाके नाहीत,” भिंगरी म्हणाली.

“नाहीत. तिचे आहेत.” मग सुईकाकांनी तिला सगळं सांगितलं. खडक, डबा, एक राहू दे, भरपूर आलीय. आजवर हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगताना ते शीटकडेच बघत होते.

भिंगरी रडली नाही. “मला तीन वर्षं टेकडीवर फिरवलंत,” ती म्हणाली. “उन्हात.”

“वाटायचं, तुला सापडेल,” सुईकाका म्हणाले. “तुझी नजर चांगली आहे. तुला सापडली असती तर मी सुटलो असतो.”

 भिंगरीनं पिशवीतून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. हर्बेरियमची एक रीत आहे. शीटवर एकदा लिहिलेलं कुणी खोडायचं नाही. जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तर तिच्या शेजारी नवी लावायची, तारीख घालून, सही करून. दोन्ही कायम राहतात. ती ही रीत त्यांच्याकडूनच शिकली होती.

“नऊ बाहेरच्या, एक आपली, एक ही,” भिंगरी म्हणाली. “लिहा. मी पाठवते.”

सुईकाकांनी चष्मा पुसला आणि टाक घेतला. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी एकच मजकूर लिहिला. त्या दिवशी त्या जागी अकरा झाडं होती. अकराही काढली. त्यानंतर दिसली नाहीत. खाली संग्राहक म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, आणि आजची तारीख. अक्षर पूर्वीसारखं स्थिर राहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं. अकराव्या चिठ्ठीवर, काकूंच्या शीटसाठीच्या, त्यांनी एक ओळ जास्त लिहिली. बायको नको म्हणाली होती. ती ओळ लिहून झाल्यावर मात्र त्यांना पुढचं दिसेना. भिंगरी उठून त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

शाई वाळल्यावर तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या. गठ्ठ्यात एक कोरी उरली होती, ती तिनं पुढे सरकवली.

“बारा आणल्या होत्या मी. हीसुद्धा लिहून ठेवा. एखादी पोस्टात गहाळ झाली तर जास्तीची बरी.”

सुईकाकांनी ती चिठ्ठी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि तिच्या हातात परत दिली.

“एक राहू दे,” ते म्हणाले.